तरंगत्या गाडीखालची माती

माझ्या टेबलावर एक जाडजूड अहवाल पडलाय. वर गुळगुळीत कव्हर, आणि कव्हरवर चित्र: हिरव्यागार भातशेतांवरून पांढरी, टोकदार नाकाची गाडी जमिनीला न टेकता सुसाट निघाली आहे, आणि खाली एक बाई रोपांची जुडी हातात धरून तिच्याकडे बघत हसते आहे. आमच्या भागात लावणी करणारी बाई अशी हसत नाही, तिची कंबर दुखत असते. पण माझा राग त्या चित्रावर नाही. या अहवालाच्या शेवटून चौथ्या पानावर माझी सही आहे. ती बघितली की मला शिसारी येते, आणि तरी दर दोन-तीन दिवसांनी मी ते पान उघडून बघतेच.

मी कुंभकोणमची. मराठ्यांच्या राज्यात आमचे पूर्वज इकडे आले आणि इथलेच झाले. घरात आम्ही आमची जुनी मराठी बोलतो, उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तमिळ. पुस्तकातली मराठी मी चाळिशीनंतर शिकले, टपालाने मासिकं मागवून, आणि त्याचा मला जरा जास्तच अभिमान होता. नोकरी केली ती पॉलिटेक्निकच्या माती तपासायच्या प्रयोगशाळेत. पुलाची, शाळेची, पाण्याच्या टाकीची माती आमच्याकडे यायची. ओली माती काचेवर ठेवून तळव्याने वळायची, सुतळीएवढी बारीक वळी झाली की ती कधी तुटते ते बघायचं. पस्तीस वर्षं हे केल्यावर चिमूट हातात घेतली तरी कळतं की हिच्यावर काय उभं राहील आणि काय कलंडेल. माणसांच्या बाबतीत मला हे कधीच जमलं नाही.

माझा थोरला भाऊ, अण्णा, याची चोळपुरमला थोडी भातजमीन होती. ती तीस वर्षं एकच माणूस खंडाने कसत होता. अण्णाला मुलगा नाही, मुली सिंगापूरला, गुडघे गेलेले, म्हणून त्याने ती जमीन त्याच माणसाला विकायचं ठरवलं. भाव दोघांनी मिळून ठरवला, आणि तो रास्त होता. त्या माणसाने विड्याचं तबक आणलं, पानं, सुपारी, केळी, नारळ, आणि अण्णाने ते दोन्ही हातांनी घेतलं. आमच्याकडे तबक घेतलं की शब्द झाला. कागद मागाहून होतात, तै महिन्यात, म्हणजे संक्रांतीनंतर, चांगला दिवस बघून. आमच्या वडिलांनी एकदा तबक घेतल्यावर दुप्पट भाव सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवलं होतं, आणि ती गोष्ट अण्णा जेवणावळीत इतक्यांदा सांगायचा की मुलं उठून जायची.

तर अशात तो सल्लागार आला.

आमच्या समाजाचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. त्यावर लग्नं, बारशी, भजनाचे दिवस येतात. कुणीतरी टाकलं की महाराष्ट्रातून एक गृहस्थ आले आहेत, चेन्नईहून खाली कावेरीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या अतिवेगवान चुंबकीय गाडीचा प्राथमिक अहवाल करताहेत, आणि त्यांना इथल्या मातीची माहिती असलेलं माणूस हवं आहे. दुसऱ्या दिवशी तो आमच्या दारात. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, पायात पांढरेशुभ्र बूट. मी तमिळमध्ये 'वांगो', म्हणजे या, म्हटलं तर तो मराठीत म्हणाला, "नमस्कार ताई, आपण मराठीतच बोलू ना?"

झालं. आमच्या घराने जो काही शहाणपणा जमवला होता तो तिथल्या तिथे गळून पडला. वहिनीने सांबारात दोन भाज्या जास्त टाकल्या. अण्णा, जो बँकेच्या मॅनेजरलाही ओसरीवरच बसवतो, त्याने याला आतल्या खोलीत नेलं. "हा आपला मनुष्य आहे गे," मला म्हणाला. "आपले लोक कोठें कोठें पोंचले पाहा." तो मनुष्य प्रत्येक वाक्याला हसत होता. "तुमचं मराठी काय गोड आहे हो. अगदी बखरीतलं." आणि फोन काढून त्याने वहिनीला दोन वाक्यं परत बोलायला लावली, मित्रांना पाठवायला म्हणून. वहिनी लाजली आणि बोलली. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मीही कौतुकानेच बघत होते.

जेवण झाल्यावर त्याने लॅपटॉप उघडला. आता ही गाडी काय चीज आहे ते मला त्याच्याकडून शिकायची गरज नव्हती. ती रुळांवर धावत नाही. चुंबकांच्या जोरावर मार्गापासून उचलली जाते आणि मार्गातच बसवलेल्या तारांच्या वेटोळ्यांतून वीज फिरवून पुढे ढकलली जाते. म्हणजे गाडी ओढणारं इंजिन तिच्या पोटात नसतं, सगळ्या वाटेवर पसरलेलं असतं. जितकी वाट तितकं इंजिन. जुना रूळ, जुना पूल, जुनं स्टेशन, काही म्हणजे काही तिच्या उपयोगाचं नाही. वळायला अफाट जागा लागते. जर्मनांनी तिच्यावर उभी आयुष्यं घालवली, आणि स्वतःच्या देशात खरी लाईन टाकायची वेळ आली तेव्हा खर्चाचा आकडा बघून हात वर केले. चिनी लोकांनी ती एका शहरातून विमानतळापर्यंत धाववली. जपानी कित्येक वर्षं डोंगर पोखरताहेत आणि मधूनमधून सांगताहेत की खर्च अजून वाढला, मुदत अजून लांबली. ती गाडी खोटी नाही, हे मला मान्य आहे. पण जे खरं आहे ते कुठेही करता येतं असं थोडंच आहे.

"आणि खर्चाचें काय?" मी विचारलं.

"ताई, खर्च हा पुढच्या टप्प्याचा विषय. आत्ता फक्त शक्यता बघायची."

खर्च बाजूला ठेवून शक्यता. हे वाक्य मी तेव्हा गिळलं, आणि आजही ते माझ्या घशात आहे. पैसा अमाप धरला तर समुद्रातही भात लावता येतो. मग त्याला अहवाल कशाला हवा, आणि मातीवाली बाई तरी कशाला?

त्याचं काम करणं बघून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्या मोठ्या खोऱ्यासाठी त्याने तीन बोअर घेतले. एक दारासुरमच्या देवळाबाहेर गाड्या लावतात तिथे, कारण त्याचं हॉटेल जवळ होतं. एक तिरुवलंचुळीच्या रस्त्याला, कारण तो रस्ता डांबरी होता. तिसरा चोळपुरमला, अण्णाच्या बांधावर, कारण अण्णाने हौसेने बोलावलं. नळीतून माती वर आली तेव्हा ती जमीन कसणारा माणूसही बघायला आला. त्याने मातीचा गोळा उचलला, दाबला, आणि मला म्हणाला, "अम्मा, हिच्यावर तुम्ही गाडी उभी करणार? इथे आमचा पंपाचा खांब तीन वर्षांत वाकतो." सल्लागाराने विचारलं काय म्हणतोय, मी सांगितलं. तो हसला, आणि बाटलीतलं जंतुनाशक हाताला चोळलं. मातीला त्याने एकदाही बोट लावलेलं नव्हतं.

पण जमीन कसणारा तो माणूस बरोबर बोलत होता. आमची कावेरीची माती पाणी सुटलं की फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर चिकणमाती, मध्येच वाळूचा पट्टा, पुन्हा चिकणमाती, आणि पाणी अगदी वर. साध्या आगगाडीचा रूळ बोटभर खचला तर गँगमन येतात, खडी ठोकतात, गाडी पुढे जाते. या गाडीच्या मार्गाला तसं खचायची मुभाच नाही, कारण ती आणि मार्ग यांच्यातलं अंतरच इतकं थोडं की खालचा खांब जरा कलला तरी वेग टाकावा लागतो. आणि वेग टाकला की तिच्यात आणि आमच्या मायलाडुतुरैच्या पॅसेंजरमध्ये फरक काय उरला? म्हणजे खांब खोल, फार खोल न्यायचे, एकेका खांबाखाली, शेकडो मैल, आणि मग जन्मभर मोजत बसायचं की कुठला खाली गेला. हे करता येतं. पण ज्याला हे करायचं आहे त्याने आधी रकमेकडे बघावं आणि मग झोपून घ्यावं.

माझ्या जुन्या वह्या मी त्याला फुकट दिल्या. पस्तीस वर्षांच्या. आणि एक पानभर मत लिहून दिलं, इंग्रजीत, शेवटचं वाक्य असं: खोल पाया घेऊन असा मार्ग या मातीत बांधणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, परंतु तो पाया आणि त्याची कायमची देखभाल यांचा खर्च पाहता हा मार्ग येथे करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन महिन्यांनी कुरिअरने अहवाल आला, सहीसाठी. सोबत एक पत्र होतं. मराठीत, देवनागरीत, छापील नव्हे, शाईने लिहिलेलं. 'आदरणीय ताई' अशी सुरुवात. सातासमुद्रापार नसूनही दूर राहिलेल्या आमच्या माणसांनी भाषा कशी जपली, आपल्या ज्ञानापुढे मी कसा नतमस्तक आहे, वहिनींच्या हातची चव अजून जिभेवर आहे, वगैरे. आयुष्यात मला मराठीत कुणी पत्र लिहिलं नव्हतं. आमच्या घरातली पत्रं तमिळ लिपीत किंवा इंग्रजीत. मी ते पत्र तीनदा वाचलं. संध्याकाळी अण्णाकडे जाऊन मोठ्याने वाचून दाखवलं, वहिनीला पुन्हा वाचून दाखवलं, शेजारच्या चुलतभावाला बोलावून त्यालाही. कुरिअरवाला सकाळी परत येणार होता. अहवाल तीनशे पानांचा होता. माझ्या नावापुढे पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती, तिथे मी सही केली, त्यांच्या प्रतीवर आणि मला ठेवायला पाठवलेल्या प्रतीवरही.

पत्र तीनदा वाचलं आणि अहवाल एकदाही नाही. हे असं मी लिहून ठेवते, कारण इथे मला कुणी दुसरा दोषी सापडत नाही.

मग अहवालातला नकाशा फुटला. कुठून ते ठाऊक नाही, पण मोबाईलवरून मोबाईलवर फिरायला लागला. त्यात चोळपुरमजवळ एक लाल टिंब होतं, स्टेशनचं. आठवड्याभरात तिथल्या चहाच्या टपरीवर जमिनीच्या दलालांचे पांढरे शर्ट दिसायला लागले. वांझोट्या माळाचे भाव विचारले जाऊ लागले. आणि अण्णाने, आमच्या अण्णाने, ते तबक परत पाठवलं. पानं, सुपारी, केळी, नारळ सगळं नवीन आणून, एकही वस्तू कमी नको म्हणून वहिनीकडून मोजून घेऊन. नेऊन द्यायला स्वतः गेला नाही, ऑटोवाल्याच्या हाती पाठवलं.

जमीन कसणारा तो माणूस दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आला. ओसरीच्या कडेला उभा राहिला, बस म्हटलं तरी बसेना. तमिळमध्ये हळू बोलत होता. "अम्मा, मोठ्या अय्यांनी, तुमच्या भावाने, सांगितलं की गाडी येणार हे नक्की, कारण तुमची सही आहे. तुम्ही माझ्यासमोर माती बघितली होती. मग तसं कसं लिहिलं?"

मी म्हटलं, तसं लिहिलेलं नाही. त्याला थांबवून आतून अहवाल आणला, दाखवायला. माझं पान काढलं. माझं मत तिथे होतं, माझ्याच शब्दांत, ओळीमागून ओळ. शेवटचं वाक्य होतं: खोल पाया घेऊन असा मार्ग या मातीत बांधणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. आणि पूर्णविराम. त्याखाली माझी सही.

त्याला इंग्रजी येत नव्हतं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, मी बघते. तो गेला.

मी सल्लागाराला फोन लावला. माझी जुनी मराठी त्या दिवशी फार गोड नव्हती. तो शांतपणे ऐकून घेत होता. "ताई, तो भाग जरा नकारात्मक जात होता हो. प्राथमिक अहवालात तसं चालत नाही, नाहीतर पुढचा टप्पाच मंजूर होत नाही. तुमचं खर्चाचं मत आपण पुढच्या टप्प्यात सविस्तर घेऊ ना. तुमचंच नाव सुचवलंय मी." मग गोड आवाजात म्हणाला, "आणि सही करण्याआधी तुम्ही वाचलं असेलच ना?"

तेव्हा मला त्या धंद्याचं मर्म कळलं. त्यांना गाडी बांधायचीच नसते. एका अहवालातून दुसरा अहवाल निघतो, दुसऱ्यातून तिसरा, आणि खर्चाचं पान नेहमी पुढच्यात असतं. कुणी खोटं बोलत नाही. फक्त वाक्य अर्ध्यावर थांबवतात. आणि त्याखाली सही करायला माझ्यासारखी एखादी हरखलेली म्हातारी शोधून काढतात. मी न्हाणीघरात जाऊन तोंड धुतलं.

त्याच दुपारी मी सही मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. तीन प्रती काढल्या. एक त्याच्या कंपनीला, एक सरकारी खात्याला, आणि तिसरी घेऊन अण्णाकडे गेले.

अण्णाने चष्मा लावून सगळं वाचलं. त्याला कळलं, तो काही मूर्ख नाही.

"म्हणजे ती गाडी येणार नाहीं?"

"तुझ्या नातवंडांच्या नातवंडांसही दिसणार नाहीं."

"शरि," तो म्हणाला, म्हणजे बरं. आणि कागदाची नीट घडी घालून तो मला परत दिला. "हें पत्र तुजजवळच ठेव. विक्री होईतों कोणास दाखवूं नकोस."

त्याला लाज वाटत होती, ते दिसत होतं. तो गुडघे चोळत होता. पण चेन्नईच्या एका गिऱ्हाइकाने ठरलेल्या भावापेक्षा इतकं जास्त सांगितलं होतं की लाज त्याने परवडेल अशी वस्तू म्हणून बाजूला काढून ठेवली होती. मी म्हटलं, "तबक घेतलें होतेंस तूं." तो म्हणाला, "तबक परत केलें कीं. उसनें ठेविलें नाहीं." वहिनी दारात उभी होती, ती आत निघून गेली.

तरी मी त्या चेन्नईच्या गिऱ्हाइकाला फोन केला. त्याला सगळं सांगितलं, मातीचं, खांबांचं, अर्ध्या वाक्याचं. माझ्या मनात होतं की हा दचकेल, सौदा मोडेल, आणि जमीन ज्याची व्हायला हवी त्याची होईल. तो मन लावून ऐकत होता, मध्ये दोन चांगले प्रश्नही विचारले. मग म्हणाला, "मॅडम, गाडी येणार नाही हे मला माहीत आहे. माझ्यामागून येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते माहीत नसलं म्हणजे पुरे." आणि आभार मानून फोन ठेवला.

विक्री तै महिन्यातच झाली, चांगला दिवस बघून. अण्णाने पैसे मुलींच्या नावे ठेवले, एका गुडघ्याचं ऑपरेशन करून घेतलं, आणि आता तो बरा चालतो. मी त्याच्याकडे जाणं सोडलं नाही. सोडायला हवं होतं असं मला वाटतं, पण या गावात माझी मराठी ऐकून उत्तर देणारी माणसं उरली किती. मी जाते, कॉफी पिते, जमिनीचा विषय निघत नाही, आणि परत येताना माझं मलाच किळसवाणं वाटतं.

चोळपुरमला मी आठ महिन्यांनी गेले. खात्याकडून उत्तर आलं नव्हतं, कंपनीकडून 'नोंद घेतली' असं एका ओळीचं आलं होतं. ती तिसरी प्रत मी त्या माणसाला तमिळमध्ये वाचून दाखवणार होते. उशीर झाला होता हे कळत होतं, पण निदान त्याला समजावं की मी तसं लिहिलेलं नव्हतं.

शेतात पाणी नव्हतं. ट्रकने लाल मुरूम आणून टाकला होता, त्यावर पांढरे दगड रांगेने रोवले होते, आणि दगडांवर आकडे. रस्त्याच्या बाजूला मोठा फलक, त्यावर तीच टोकदार नाकाची गाडी. फाटकाशी पत्र्याची एक खोपटी होती. तिच्यातून तोच माणूस बाहेर आला, अंगात निळा सदरा, खिशावर कंपनीचं नाव. जमीन कसायला उरली नाही, तर नव्या मालकाने त्याला तिथेच राखणदार ठेवलं होतं. पगार वेळेवर मिळतो, म्हणाला. त्याने मला बसायला प्लास्टिकची खुर्ची दिली आणि आतून पाणी आणलं.

मी पिशवीतून पत्र काढलं आणि वाचायला लागले. गाडी इथे येणार नाही, कधीही येणार नाही, या मातीत ती आणणं वेडेपणाचं आहे, हे मी स्वतः लिहिलं आहे, असं मी त्याला जोराने सांगत होते. दगडांमधून एक नवरा-बायको प्लॉट बघत हिंडत होते, त्यांच्याबरोबर मालकाचा एजंट.

त्या माणसाने तिकडे बघितलं, मग माझ्याजवळ वाकला. "अम्मा, हळू बोला," तो म्हणाला. "प्लॉट विकले जाताहेत तोवर माझी नोकरी आहे."

मी आवाज खाली आणला.